एकशे एकोणसत्तर चौकोनांचा तक्ता

ती. दादास,

तुझ्या धाकट्या आतेभावाचा साष्टांग नमस्कार (गुडघा धरल्यामुळे या खेपेला खुर्चीत बसूनच घातला आहे, पण तू तो पुरता आठ अंगांनी घातला असं समज). तुझी तब्येत, वहिनींची कंबर आणि तुमच्या गॅलरीतलं ते वाळत चाललेलं झाड, तिघंही ठीक असतील अशी आशा करतो. इकडे सगळे मजेत. ही मजेत, मुलगी तिच्या घरी मजेत, जावई नेहमीप्रमाणे कशात तरी गुंतलेले. माझ्या प्रकृतीचं तर विचारूच नकोस, ठणठणीत आहे. दोन महिन्यांपूर्वी तू पोकरमध्ये सुरुवातीला आलेली किती पानं खेळायला घ्यावीत याबद्दल दोन पानी सल्ला पाठवला होतास. त्याचं पुढे काय झालं हे कळवायचं राहून गेलं, म्हणून हे पत्र. आधीच सांगून टाकतो, तुझा सल्ला चुकीचा नव्हता. तो फक्त अपुरा होता, आणि तो पुरा करण्याचं काम मी केलं आहे.

हे पत्र तुझ्याआधी वहिनी वाचणार हे मला माहीत आहे (नमस्कार वहिनी), म्हणून त्यांच्यापुरतं थोडक्यात सांगतो. पोकरमध्ये प्रत्येकाला दोन पानं उपडी मिळतात. मग मध्ये पाच पानं टप्प्याटप्प्याने उघडतात, ती सगळ्यांची. पण खरा निर्णय घ्यायचा असतो तो पहिल्या दोन पानांवरच. खेळायचं, की पानं टाकून गप्प बसायचं. अशा दोन पानांचे एकूण प्रकार होतात एकशे एकोणसत्तर. हा आकडा दादाचा. मी दोनदा मोजून पाहिला, बरोबर आहे (त्याने एवढी वर्षं कॉलेजात गणित शिकवल्याचा काहीतरी उपयोग झाला म्हणायचा). त्यांतले किती खेळायचे आणि किती टाकायचे, एवढाच प्रश्न. माणसं जन्मभर पत्ते पिसतात आणि या प्रश्नाच्या वाटेला जात नाहीत. मी तो सहा आठवड्यांत सोडवला.

आता आमच्या लॅबमध्ये हा खेळ शिरला कसा ते सांगतो. आमची लॅब म्हणजे दातांच्या सगळ्या डॉक्टरांचं स्वयंपाकघर आहे. डॉक्टर माणसाच्या तोंडाचा ठसा घेऊन पाठवतात, आम्ही कवळी किंवा कॅप करून परत पाठवतो आणि शाबासकी डॉक्टरांना मिळते. ठशात प्लास्टर ओतून साचा काढतो त्या पोराला आम्ही प्लास्टरच म्हणतो (हल्ली त्याची आईसुद्धा फोन करून प्लास्टर आहे का असं विचारते). कवळीचे दात मेणात लावते ती मेणवाली बाई. कॅप भट्टीत भाजतात ते भट्टीवाले. आणि मी शेडवाला. लोकांना वाटतं दात पांढरा असतो. दात पांढरा नसतो दादा, दात सोळा प्रकारांनी पांढरा असतो. बी-वन सगळ्यात उजळ, सी-फोर सगळ्यात मळकट, आणि मधल्या चौदा शेड ज्याला ओळखता येतात त्याला या धंद्यात मान असतो. सत्तावीस वर्षं तो मान माझ्याकडे आहे. जेवणाच्या सुट्टीत पोकर सुरू झाला तेव्हा मालकीणबाईंनी पैसे लावायला साफ मनाई केली, म्हणून आम्ही कवळीच्या सेटमधून उरलेले दात लावू लागलो. समोरचा दात म्हणजे एक, सुळा म्हणजे पाच, दाढ म्हणजे दहा. बाहेरचा माणूस सुट्टीत आत डोकावला तर त्याला मधोमध दातांचा ढीग आणि भोवती चार माणसं शांतपणे बसलेली दिसतात. वीजबिल द्यायला आलेला माणूस एकदा पाणी न पिताच गेला.

हे सगळं करमणुकीपुरतं होतं, पण चार महिन्यांपूर्वी आमचे उस्ताद निवृत्त झाले आणि खिडकीजवळचं टेबल रिकामं झालं. लॅबला खिडकी एकच. बाकी सगळीकडे ट्यूब. उस्तादांनी तीस वर्षं त्या खिडकीशी बसून दातांवर शेवटचा हात फिरवला. ते गेल्यापासून महिन्याभरात माझ्या दोन केसेस परत आल्या. एक बँकेतल्या कॅशियरबाईंचा समोरचा दात, दुसरी एका वकिलाचे पुढचे तीन. दोन्हींवर डॉक्टरांची एकच चिठ्ठी, शेजारच्या दातांशी जुळत नाही. आता मला सांग, ट्यूबखाली बसून शेड जुळवायची म्हणजे कसं जुळणार. मी मालकीणबाईंना तेच समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाल्या की तिसरी केस परत आली तर शेडचं काम बाहेरच्या लॅबला द्यावं लागेल. म्हणजे तुझ्या लक्षात आलं असेल. ते टेबल मला हौस म्हणून नको होतं. ते मिळालं तर मी शेडवाला, नाही मिळालं तर मी आवरत चाललेला माणूस.

पण टेबल सगळ्यांनाच हवं होतं. मेणवाल्या बाईंना ॲक्रिलिकच्या वासाने कपाळ दुखतं. भट्टीवाल्यांना भट्टीपासून लांब जायचं होतं (भट्टी तिथून हलणार नव्हती हा मुद्दा त्यांनी विचारात घेतला नव्हता). प्लास्टरला बाहेर बघायचं होतं, आणि हे त्याने जसंच्या तसं सांगितलं म्हणून मला तो जरा आवडला. मी म्हटलं, सर्वांत जुना माणूस मी. मेणवाली बाई म्हणाल्या, त्या माझ्याआधी लागल्या. मी म्हटलं, मध्ये चार वर्षं तुम्ही घरी होता. त्या म्हणाल्या, ती चार वर्षं दोन पोरं आणि एक सासू सांभाळली, ती नोकरीतच धरा. भट्टीवाले म्हणाले, वयाने मी मोठा. असं आठवडाभर चाललं. कवळ्या मागे राहिल्या, डॉक्टरांचे फोन सुरू झाले. शेवटी मालकीणबाईंनी हात टेकले आणि म्हणाल्या, सहा आठवड्यांनी शनिवारी अर्धा दिवस काम, दुपारी खेळा, जो शेवटपर्यंत टिकेल त्याचं टेबल, आणि त्यानंतर या खिडकीचा विषय माझ्यासमोर काढायचा नाही. पत्ते त्या स्वतः वाटणार होत्या.

इथे मी तुला पत्र लिहिलं. माझा दोष मला ठाऊक होता. मला पानं टाकवत नाहीत. दुर्री आणि नव्वी आली तरी मला वाटतं, मधल्या पाचांत कुठे काय उघडेल सांगता येत नाही, बघू तर. हा स्वभाव धंद्यातून आलेला आहे. तडकलेली कॅपसुद्धा मी फेकून देत नाही, तिला काहीतरी करून उभी करतो. त्यामुळे रोजच्या खेळात मी शंभरातले नव्वद डाव खेळायचो आणि सुट्टी संपेपर्यंत माझ्यापुढे एक दात उरायचा नाही. तू उलट टपाली लिहिलंस की शंभरात पंधरा डाव खेळ, बाकीचे डोळे मिटून टाकून दे. (तुझ्या पत्रातलं हे वाक्य मी मुद्दाम जसंच्या तसं दिलं आहे.) सोबत कुठले खेळायचे त्याची यादी. एक्क्यांची जोडी, राजांची, राण्यांची, एक्का-राजा, एकाच चिन्हाचे राजा-राणी वगैरे. यादी मला पटली. पण यादी घेऊन टेबलावर बसणार कसं? समोरच्यांनी वाचली की संपलं. पाठ करावी तर पाठांतराचं आमच्या घराण्यात तुलाच काय ते वरदान आहे.

तेव्हा मी जे केलं ते ऐकून तू क्षणभर तरी खुर्चीतून उठशील. मी एका पुठ्ठ्यावर तेरा आडवे आणि तेरा उभे असे एकशे एकोणसत्तर चौकोन आखले. प्रत्येक चौकोन दोन पानांच्या एका प्रकाराचा. त्यावर अक्षर नाही, आकडा नाही, काही नाही. कुठला चौकोन कशाचा ते माझ्या डोक्यात, कारण रचना सोपी आहे, एक्का वरच्या कोपऱ्यात आणि तिथून खाली उतरत जायचं. आणि मग मी प्रत्येक चौकोन दाताच्या शेडने रंगवला. डोळे झाकून खेळावा असा डाव तो बी-वन. बरा तो ए-टू. शेवटी बोलायची पाळी असेल तरच खेळावा तो ए-थ्री. हात लावू नये तो सी-फोर. रविवारी घरी बसून रंगांच्या बाटल्यांवरची लेबलं बघून एकेक चौकोन भरला, वर चकचकीत ग्लेझचा हात दिला. अख्खा रविवार गेला. ही दोनदा चहा ठेवून गेली आणि दोन्ही वेळा मी ब्रश चहात बुडवला. पण तक्ता असा झाला की सगळ्यांसमोर उघडा ठेवला तरी लोकांना तो एक मळका पुठ्ठा वाटावा. फरक कळेल तो फक्त सत्तावीस वर्षांच्या नजरेला. दादा, यादी तुझी असेल, पण हे डोकं माझं.

शनिवारी आम्ही मागच्या खोलीत बसलो. खिडकीच्या टेबलाजवळ बसायचं नाही असं मालकीणबाईंनी ठरवलं होतं, कारण ते टेबल म्हणजे बक्षीस. प्रत्येकाला साठ दातांचं भांडवल. दर डावाला पानं बघण्याआधी प्रत्येकाने एक दात मध्ये ठेवायचा, म्हणजे नुसतं बसून राहायलाही एक दात पडतो (हे कलम प्लास्टरने सुचवलं, आणि ते माझ्याविरुद्ध होतं हे मला नंतर कळलं). मी तक्ता पुढ्यात ठेवला. प्लास्टरने हे काय म्हणून विचारलं, मी म्हटलं ग्लास ठेवायला. आणि मी खेळायला सुरुवात केली, म्हणजे टाकायला सुरुवात केली. पानं उचलायची, मनातल्या मनात चौकोन शोधायचा, बोट त्यावर न्यायचं, शेड बघायची, पानं खाली ठेवायची. पहिला डाव सी-फोर. दुसरा सी-फोर. तिसरा ए-फोर, म्हणजे टाकाच. दहा डाव झाले, माझं मन तसूभरही हललं नाही. मला स्वतःचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता. जो माणूस शंभरात नव्वद डाव खेळायचा तो दहात एकही खेळला नाही, याला संयम म्हणतात.

अडचणीचे प्रसंग आले नाहीत असं नाही. एकदा राण्यांची जोडी आली. माझं मन म्हणालं, खेळ. मी बोट चौकोनावर नेलं, चौकोन सी-फोरसारखा दिसला. मी म्हटलं, राण्यांची जोडी आणि सी-फोर? पण मग विचार केला, रविवारी मी शांत डोक्याने, घरच्या उजेडात, बाटल्या बघून हे केलेलं आहे. आज मी घामाघूम आहे, शेजारी प्लास्टर शेंगा फोडतो आहे. रविवारचा मी आजच्यापेक्षा शहाणा असणार. मी राण्या टाकल्या. मध्ये नेमकी तिसरी राणी उघडली. मी चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही, नुसतं पाणी प्यायलो. त्यानंतर एक्का-राजा टाकला. दश्श्यांची जोडी टाकली. एक्क्यांची जोडी मात्र आली तेव्हा मी तक्त्याकडे पाहिलंच नाही, सरळ दहा लावले (तत्त्वालाही मर्यादा असते). सगळ्यांनी तत्काळ पानं टाकली आणि मला मधले तीन दात मिळाले. पण मी तुला ताठ मानेने सांगतो, पस्तीस डाव झाले तोवर मी एकही डाव हरलो नव्हतो. माझ्यापुढचा ढीग निम्म्यावर आला होता ही गोष्ट वेगळी. प्लास्टर तोवर उठून गेला होता, त्याचे दात भट्टीवाल्यांकडे आणि मेणवाल्या बाईंकडे वाटले गेले होते, आणि तो खिडकीतून बाहेर बघत उभा होता. म्हणजे त्याला हवं ते त्याला हरूनच मिळालं.

मग तो डाव आला. मेणवाल्या बाईंनी पानं पाहिली आणि एक दाढ पुढे सरकवली, म्हणजे दहा. भट्टीवाल्यांनीही दाढ ठेवली. मी पानं उचलली, सत्ती आणि दुर्री, तीही वेगवेगळ्या चिन्हांची. या खेळात हिच्याखाली काही नाहीच. मी सवयीने खालच्या चौकोनावर बोट नेलं आणि पाहतो तर चौकोन लखलखत होता. बी-वन. दिवसभरात तक्त्यावर पाहिलेला पहिला बी-वन. मला काही कळेना, पण रविवारच्या माझ्यावर माझा पूर्ण विश्वास होता. त्याने सत्ती-दुर्रीत काहीतरी खोल पाहिलं असणार. मी माझा सगळा ढीग, दाढा, सुळे, समोरचे, सगळा मध्ये लोटला. भट्टीवाल्यांनी लगेच पानं टाकली. मेणवाली बाई बराच वेळ माझ्या बोटाकडे बघत बसल्या. मग त्यांनीही पानं टाकली, आणि टाकताना उलटली म्हणून दिसली, राजांची जोडी. डाव माझा. मी अभिमानाने माझी सत्ती-दुर्री सगळ्यांना उघडी करून दाखवली.

भट्टीवाले हसायला लागले आणि मालकीणबाईंकडे बघून थांबले. मेणवाल्या बाईंनी तक्ता ओढून स्वतःपुढे घेतला. त्यांनी सांगितलं की तक्ता शेडचा आहे हे त्यांना पाचव्या डावातच कळलं होतं (कवळीचे दात त्याही रोज शेड बघूनच लावतात, हे मी हिशेबात धरलं नव्हतं). पण मी उजळ चौकोनावर बोट ठेवूनही पानं टाकत होतो (मळक्यावर टाकली ती त्यांना हूल वाटली), म्हणून त्यांनी ताडलं की मी हुशारीने तक्ता उलटा रंगवला आहे, उजळ म्हणजे टाका आणि मळका म्हणजे खेळा. आणि मी सर्वांत मळक्या चौकोनावर बोट ठेवून सगळा ढीग लोटला, तेव्हा माझ्याकडे एक्केच असणार या खात्रीने त्यांनी राजे टाकले. मी म्हटलं, मळका कुठे, तो बी-वन आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पुठ्ठा जरा तिरका केला. ट्यूबचा उजेड त्या चौकोनावरून सरकला आणि तो बाकीच्यांसारखाच झाला.

त्यांनी दुसऱ्या चौकोनावर बोट ठेवलं आणि विचारलं, "ही शेड कुठली?"

मी म्हटलं, "सी-फोर."

"आणि ही?"

"ए-फोर."

अशा त्यांनी सहा विचारल्या. पाच चुकल्या, सहावी अंदाजाने सांगितली ती बरोबर आली. सगळा तक्ता मला एका जुन्या, पिवळट दातासारखा दिसत होता दादा, आणि मी दोन तास तो वाचत होतो.

मी म्हटलं, हा ट्यूबचा दोष आहे. म्हणूनच तर मला खिडकी हवी आहे. तेव्हा भट्टीवाले बोलले. ते सहसा बोलत नाहीत, भट्टीशेजारी बसणाऱ्याला बोलायची सवय राहत नाही. म्हणाले, "वर्षभर तुझी प्रत्येक कॅप उस्ताद खिडकीशी घेऊन बसायचे. रंग दुरुस्त करायचे आणि माझ्याकडे पुन्हा भाजायला आणायचे. मी विचारलं, त्याला सांगत का नाही? म्हणाले, कळेल तेव्हा कळेल, तोवर एक भाजणी जास्त."

मला लाज वाटेल असं मला वाटलं होतं. ती वाटली नाही, रडू आलं. सत्तावीस वर्षं काम केलेला माणूस मागच्या खोलीत दातांच्या ढिगापुढे बसून रडला, आणि प्लास्टर खिडकीपासून आत येऊन माझ्यापुढे शेंगांची पुडी ठेवून गेला. उस्ताद रोज जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून चांगलं झालंय म्हणायचे. मी ते खरं धरून घरी जात होतो. खरं तर ते रोज स्वतःच्याच कामाला चांगलं म्हणत होते, पण हात माझ्या खांद्यावर ठेवत होते.

मालकीणबाईंनी विचारलं, आता थांबायचं का. मी म्हटलं, थांबायचं कशाला, नियमाप्रमाणे डाव मी जिंकलेला आहे. तक्ता उपडा केला, त्यावर खरोखरच ग्लास ठेवला आणि जसा पूर्वी खेळायचो तसा खेळलो. पुढच्या बारा डावांतले अकरा खेळलो. त्यांतले तीन जिंकलो, एक तर भट्टीवाल्यांना साफ करून जिंकलो, आणि शेवटी मेणवाल्या बाईंकडे सगळं घालवून मोकळा झालो. टेबल त्यांना मिळालं. सोमवारी त्यांनी आपलं सामान तिथे लावलं आणि स्वतःच्या खुर्चीशेजारी एक स्टूल ठेवलं. मी कुणासाठी म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, कॅप झाली की इथे घेऊन यायची, दोघांनी बघायची, आणि तोवर डोळ्यांचं काय ते करून टाकायचं. मालकीणबाईंनी शेडचं काम अजून बाहेर दिलेलं नाही. तीन आठवडे झाले, एकही केस परत आलेली नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. किती पानं खेळायला घ्यावीत? तुझं शंभरात पंधरा हे उत्तर नऊ माणसांच्या टेबलासाठी आहे, असं मी नंतर एका पुस्तकात वाचलं. चौघंच असले तर दुप्पट-तिप्पट डाव खेळावे लागतात, नाहीतर बसण्याच्या दातांनीच माणूस संपतो. हे तू लिहिलं नाहीस (मी टेबलावर किती जण आहेत हे कळवलं नव्हतं, पण हुशार माणसाने विचारून घ्यायला हवं होतं). दुसरं, जो माणूस पस्तीस डाव गप्प बसतो त्याच्या सत्ती-दुर्रीपुढेही लोक राजांची जोडी टाकतात. हा शोध माझा आहे आणि तो मी राजांच्या जोडीसमोर सिद्ध केलेला आहे. तू तुझ्या मित्रमंडळींत सांगितलास तर माझ्या नावाने सांग. एकूणात माझी पद्धत अचूक होती. फक्त ती मला दिसत नव्हती, आणि याला पद्धतीचा दोष म्हणता येणार नाही.

बाकी विशेष काही नाही. वहिनींना सांग, कंबरेला शेक घेताना पालथं झोपू नका. झाडाला पाणी कमी घाला. सगळ्यांना यथायोग्य सांगून पत्राला इथे गाठ मारतो.

तुझा,
धाकटा (आणि या एका विषयात मोठा)

ता. क. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा चांगलाच पिकलेला. पुढच्या गुरुवारी सकाळी उजव्याचं ऑपरेशन आहे. घाबरण्यासारखं काही नाही, मी अजिबात घाबरलेलो नाही. तुझं झालं तेव्हा तू सगळ्यांना मुंगी चावल्यासारखं वाटतं म्हणून सांगत होतास. लहानपणी इंजेक्शनाच्या रांगेत मला पुढे ढकलतानाही तू हेच वाक्य वापरलं होतंस. तेव्हा या खेपेला खरं काय ते कळव.

ता. क. दुखण्याचं सोड. मला काळजी वेगळीच आहे आणि ती हिला सांगितली तर ती रात्रभर जागी राहील. लोक म्हणतात, ऑपरेशननंतर पांढरं एकदम निराळं दिसतं, निळसर दिसतं, पूर्वी पाहिलेलं सगळं खोटं वाटतं. तसं झालं तर मी शेड ओळखणार कशाच्या आधारावर? बाटल्यांच्या लेबलांवर माझा विश्वास राहिलेला नाही. मला एक अशी शेड हवी जी मी स्वतः, नजर पक्की असताना, खात्रीने केली आहे.

ता. क. तुझे समोरचे वरचे दोन दात मी चौदा वर्षांपूर्वी केले, तू जिन्यावरून पडलास तेव्हा. उस्तादांनी त्यांना हात लावलेला नाही, ते तेव्हा तीन महिने रजेवर होते. ते ए-टू आहेत, याबद्दल मला जगात कुणी शंका घेऊन दाखवावी. शुक्रवारी सकाळी पट्टी सोडतील तेव्हा माझ्या खुर्चीसमोर तू बसलेला हवास. तू जन्मभर ओठ मिटून हसत आलास, मोठा भाऊ म्हणून ते शोभतही असेल. पण शुक्रवारी मी डोळा उघडेन तेव्हा दादा, तोंड उघडून हस.